घरबसल्या उद्योग : आधी साचा, मग नाव



ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद तुम्ही कधी घरी केला आहे का? आमची आई करीत असे. जुन्या कॅलेंडरचा जाडसर कागद घ्यायचा, पट्टीने चौकटी आखायच्या आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतील तिथे पेटत्या उदबत्तीने भोक पाडायचं. दुपारभराचं काम. पण एकदा कागद झाला, की पुढली चार वर्षं काळजी नाही. अंगणात कागद ठेवला, वरून रांगोळी फिरवली आणि अलगद उचलला, की पंधरा ठिपके पंधरा ओळी ताठ उभे! शेजारच्या काकू ठिपके हाताने काढायच्या. शेवटच्या ओळीत त्यांचा एक ठिपका नेहमी कमी पडायचा, नाही तर उंबऱ्यावर चढायचा. हात त्यांचाही काही वाईट नव्हता. कागद नव्हता, इतकंच.

हे आज आठवायचं कारण म्हणजे समोर असलेली दोन पत्रं. एक खालापूर तालुक्यातलं, खोपोलीजवळच्या एका भगिनींचं. त्यांनी आणि त्यांच्या जाऊबाईंनी मिळून लेसरने नाव कोरण्याचं लहान यंत्र घेतलं. संक्रांतीचं वाण, बारशाच्या भेटी, दारावरच्या पाट्या अशी कामं मिळू लागली. मग एका लग्नाची चाळीस लाकडी कुंकवाच्या डब्यांची ऑर्डर आली. पहिल्या अकरा छान झाल्या. मध्येच वीज गेली. वीज आल्यावर पुन्हा सुरुवात केली, तर पुढच्या डब्यांवर नावं कुठे वर, कुठे खाली, कुठे तिरकी. चौदा डब्या वाया गेल्या, त्या पदरमोड करून भरून द्याव्या लागल्या. “घरात आता ‘यंत्र विकून टाका’ असं बोलणं निघतं. जाऊबाई तोंडाने काही बोलत नाहीत, पण यंत्राच्या खोलीत येत नाहीत. मी प्रत्येक डबी लाल ठिपका बघून अगदी जपून मध्यावर ठेवते. मग चुकलं काय?” असं त्या विचारतात.

दुसरं पत्र कर्जतचं. त्याकडे शेवटी येऊ.

खोपोलीच्या ताई, तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘प्रत्येक डबी जपून मध्यावर ठेवते.’ चाळीस वेळा जपायचं म्हणजे चाळीस वेळा चुकायची संधी! जपायचं ते एकदाच, साचा करताना. नंतर हाताने नुसतं ठेवायचं आणि उचलायचं.

कारखान्यात याला ‘जिग’ म्हणतात. काटेकोर बोलायचं तर हत्याराला वाट दाखवतो तो जिग आणि वस्तूला धरून ठेवतं ते फिक्श्चर. पण आपण सरळ साचा म्हणू या. तुमच्या भागातल्या बायकांना ही गोष्ट काही नवी नाही. चारसूत्री पद्धतीच्या भातलावणीत दोरीला २५ आणि १५ सेंटिमीटरवर आलटून पालटून खुणा केलेल्या असतात. खूण आली की चूड लावायचा, डोळ्याने अंदाज करायचा नाही. ती दोरी म्हणजे शेतातला साचाच. आणि नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासून डोंगर चढते आहे, ती दोन रुळांमधलं ६१० मिलिमीटरचं अंतर वळणावळणाला नीट राखलं म्हणूनच ना!

साहित्य

यंत्र, त्याच्या पायांपेक्षा सगळीकडून वीतभर मोठी अशी प्लायवूडची सपाट फळी, ३ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ किंवा वहीच्या बांधणीचा जाड पुठ्ठा, स्टीलची पट्टी (शिवणाची टेप नको, ती ताणते), काटकोन्या, कागदी चिकटपट्टी, चार-सहा लहान स्क्रू. वस्तू मागवतानाच दोन-तीन नग जास्त मागवा. चाळीसची ऑर्डर असेल तर त्रेचाळीस. त्यांचा खर्च भावात धरा, संकोच करू नका.

कृती

पहिलं काम यंत्राला स्थिर करणं. ही लहान यंत्रं बहुधा नुसत्या चौकटीची असतात, चार पायांवर टेबलावर उभी. पुसताना धक्का लागला, की चौकट केसभर सरकते आणि वस्तू मात्र होती तिथेच राहते. म्हणून यंत्राचे पाय आणि साचा दोन्ही त्या एकाच फळीवर पक्के करा. मग टेबल हललं तरी दोघं मिळून हलतील, एकमेकांपासून नाही.

दुसरं काम आरंभबिंदूचं. सुरू झाल्यावर ज्या कोपऱ्याशी जाऊन यंत्र शून्य मोजतं, त्याला ‘होम’ म्हणतात. काही यंत्रांना त्या कोपऱ्यात बटणं असतात. डोकं जाऊन बटणावर टेकलं, की यंत्राला आपण कुठे आहोत ते कळतं. बटणं नसतील तर वीज चालू करण्यापूर्वी डोकं हाताने हळूच सरकवून कोपऱ्याला टेकवायचं, आणि दर वेळी त्याच कोपऱ्याला. ताई, तुमचा घोटाळा इथेच झाला. वीज गेली तेव्हा यंत्र आपली जागा विसरलं. तुम्ही पुन्हा नजरेने जमवलंत आणि नवा शून्य जुन्या शून्यावर बसला नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. मुंबईला उजेड इथून गेला, आणि आपल्या आळीत पहिल्या सरीला अंधार! त्याला आपला इलाज नाही. पण साचा पक्का आणि होम ठरलेलं असेल, तर वीज आल्यावर अर्धवट राहिलेल्या डबीपासून पुढे काम बिनघोर चालू करता येतं.

तिसरं काम प्रत्यक्ष साचा. याची खरी युक्ती अशी, की साचा त्याच यंत्राने, त्याच जागी कापायचा आणि कापल्यावर तिथून हलवायचा नाही. एमडीएफ फळीवर पक्का बसवा. संगणकात एकाच चित्रात दोन थर करा, एकात डब्यांच्या आकाराची भोकं, दुसऱ्यात त्या भोकांच्या आत नावं. आधी फक्त भोकांचा थर चालवून साचा कापा. मग तो थर बंद करा, भोकांत डब्या ठेवा आणि नावांचा थर चालवा. यंत्र थोडं वाकडं चालत असलं, तरी भोकही तेवढंच वाकडं आणि नावही तेवढंच वाकडं, म्हणजे दोघांचं जुळलंच. बाहेरून सुबक साचा करून आणला, तर हा फायदा जातो.

भोकं आखताना एक सांभाळा. पहिल्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं असं मोजत जाऊ नका. प्रत्येक मापात अर्धा मिलिमीटर चुकला, तर दहाव्या भोकापर्यंत साडेचार मिलिमीटर चुकतात. सगळी मापं एकाच कडेपासून घ्या. पडद्याच्या कड्या लावतानाही आपण असंच करतो.

आता भोक केवढं ठेवायचं? किरण कापताना स्वतःच्या रुंदीएवढं लाकूड जाळतो, एक-दोन दशांश मिलिमीटर, म्हणून भोक आखल्यापेक्षा तेवढं मोठं पडतं. शिवाय हातच्या वस्तू साऱ्या सारख्या नसतात. चाळीस डब्यांत मिलिमीटरभराचा फरक सहज निघतो. भोक सर्वांत मोठ्या डबीच्या मापाचं ठेवा आणि प्रत्येक डबी एकाच कोपऱ्याकडे दाबून बसवा, समजा डावीकडे आणि वर. नुसती मध्ये सोडलीत, तर ती भोकात डुलेल. त्यातही डब्या आधी मापाप्रमाणे निवडून दोन ढीग केलेत, तर फारच उत्तम. तांदूळ चाळल्याशिवाय आपण शिजवतो का?

लांबट वस्तूला, म्हणजे पाटीला, फुटपट्टीला, उलथण्याला, भोकापेक्षा तीन टेकू चांगले. लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. वस्तू त्या तिघांना टेकली, की तिची जागा ठरली. यात लांब बाजूचे दोन टेकू होतील तितके दूर ठेवा. कारण ऐका. दोन टेकू २० मिलिमीटर अंतरावर आहेत आणि एकापाशी ०.२ मिलिमीटर भुसा अडकला, तर १५० मिलिमीटरच्या पाटीचं दुसरं टोक दीड मिलिमीटर वर उचललं जातं. तेच टेकू १०० मिलिमीटर अंतरावर असले, तर फक्त ०.३. भुसा तोच, चूक पाचव्या हिश्शाची! आणि दर वेळी टेकूंवरून जुना ब्रश फिरवा म्हणजे तोही उरणार नाही.

गोल वस्तूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कापा. गोल डबी दोन्ही भिंतींना टेकली, की तिचा मध्य खाचेच्या मधल्या रेषेवर येतोच, डबी लहान असो की मोठी. फक्त त्या रेषेवर तो थोडा मागेपुढे होतो. काटकोनी खाचेत व्यास एक मिलिमीटरने कमी असेल, तर सुमारे ०.७ मिलिमीटर. म्हणून खाच अशी ठेवा, की हे मागेपुढे होणं नावाच्या वरखाली येईल, डावीउजवीकडे नाही. वरखाली तेवढं नजरेला खटकत नाही.

माझी फजिती

भाचीच्या लग्नात मी स्वतः पंचवीस चौकोनी डब्यांवर नाव घातलं. साचा झकास झाला होता, माप अचूक. आणि तीन डब्यांवर नाव उलटं! बिजागरी खाली आली होती. चौकोनी भोकात चौकोनी डबी कशीही बसते, बोलता बोलता मी तीन डब्या फिरवून ठेवल्या. त्या दिवसापासून साच्यात बिजागरीपुरती एक खाच ठेवते. उलटी ठेवली तर डबी बसतच नाही. पुढे वाचलं, की जपानात शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात टोयोटाच्या कारखान्यात हेच तत्त्व लावलं आणि त्याला ‘पोका-योके’ असं नाव आहे. माणसाला ‘लक्ष दे’ असं ओरडण्यापेक्षा चूक करताच येऊ नये अशी सोय करायची. घरातल्या कितीतरी भांडणांवर हा उपाय चालेल, नाही का?

देवनागरीची गंमत

यंत्राबरोबर येणाऱ्या सूचना बहुधा इंग्रजी नावांसाठी लिहिलेल्या असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. आपल्या अक्षरांना शिरोरेखा असते. ती डबीच्या कडेशी जरा जरी तिरकी झाली, तरी लांबून दिसते. मराठी नावाला म्हणूनच साचा जास्त काटेकोर लागतो.

दुसरं असं, की संगणक नाव ‘मध्यावर’ ठेवतो तेव्हा वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंत सगळी उंची धरून मध्य काढतो. त्यामुळे ‘कमल’, ‘कुसुम’ आणि ‘मैथिली’ या तिघींच्या शिरोरेखा तीन वेगळ्या उंचीवर येतात. डब्या एका ओळीत मांडल्या, की यजमानीणबाई म्हणणार, “वर-खाली झालंय हो!” साचा बरोबर असूनही बोल तुम्हाला. म्हणून नावं मध्यावर न जुळवता शिरोरेखेवर जुळवा. वरच्या कडेपासून शिरोरेखा किती अंतरावर, ते एकदा ठरवा आणि सगळ्या नावांना तेच ठेवा. जोडाक्षरं फुटत असतील, तर अक्षरांचं आधी बाह्यरेषेत रूपांतर करून घ्या. आणि यादी यजमानांकडून लेखी घ्या. ‘उर्मिला’ की ‘ऊर्मिला’ हे कोरल्यावर विचारून उपयोग नाही.

चूक वाचायला शिका

बिघडलेली डबी लगेच फेकू नका. ती काय बिघडलं ते सांगते.

सगळ्या डब्यांवर नाव एकाच दिशेने, सारखंच सरकलं असेल, तर शून्य हललं आहे. होम पुन्हा करा.

प्रत्येक डबीवर वेगळ्या दिशेने सरकलं असेल, तर भोक सैल आहे किंवा तुम्ही डबी कोपऱ्याला टेकवीत नाही.

पहिलीवर ठीक आणि पुढे क्रमाने वाढत गेलं असेल, तर भोकांमधलं अंतर चुकलं किंवा साचा तिरका बसला. लाल ठिपका साच्याच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवून बघा, कड सोडतो का ते.

एका ठरावीक डबीपर्यंत नीट आणि नंतर सगळी बिघडली असतील, तर मध्ये काहीतरी घडलं. धक्का, वीज, नाही तर पट्टा घसरला. ताईंचं अकराव्या डबीनंतरचं दुखणं या जातीचं.

आणि काही झालं तरी पहिलं नाव वस्तूवर घालायचं नाही. साच्यात आधी त्याच मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे बसवा आणि एक पूर्ण फेरी पुठ्ठ्यावर चालवा. पट्टीने मोजा. मग जादा नगावर एक. त्यानंतर खरं काम. वीस मिनिटं जातात, पण चौदा डब्या वाचतात.

कर्जत-खालापूरच्या पावसाची एक वेगळी गोष्ट. आषाढ-श्रावणात पुठ्ठा वाकतो आणि एमडीएफ ओल पिऊन फुगतो. उन्हाळ्यात केलेला साचा गणपतीच्या ऑर्डरीला तसाच वापरू नका, आधी पुठ्ठ्याची फेरी घ्या. साचे उभे न ठेवता सपाट, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. प्रत्येकावर वस्तू, माप आणि तारीख लिहावी.

जिवाला जपा

यंत्रासोबतचा चष्मा शोभेचा नाही. लहान घरगुती यंत्रांचा निळा किरण साधारण ४५० नॅनोमीटरचा असतो. चष्म्यावर तो आकडा त्याच्या पल्ल्यात आहे ना, ते बघून घ्या. साधा गॉगल चालत नाही. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला चष्मा, आणि मुलांना प्रवेश नाही. यंत्र चालू असताना भाजी परतायला जाऊ नका, लाकूड पेट घेऊ शकतं. जवळ पाण्याची बादली आणि ओलं जाड फडकं असावं, पेट दिसताच आधी यंत्राची वीज तोडावी. धूर बाहेर काढणारा पंखा हवाच. रेक्झिन किंवा पीव्हीसीची वस्तू कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका. तिच्या धुरातला आम्लासारखा वायू छातीला बाधतो आणि यंत्रही गंजवतो. चकचकीत तांब्यापितळेवर या लहान यंत्राने सहसा नीट खूण उमटत नाही, उलट किरण परतून डोळ्यांवर येण्याची भीती. त्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा फायबर लेसर लागतो. ती भांडी भांडेवाल्याकडेच पाठवावीत.

आणि कर्जतचं पत्र

कर्जतच्या भगिनींकडे एक बाई आपल्या गेलेल्या आईचा पोळपाट घेऊन आल्या आहेत. आईच्या हातची एक चिठ्ठी आहे, त्यातल्या दोन ओळी आईच्याच अक्षरात पोळपाटावर हव्या आहेत. “जास्तीचा नग नाही. हात लावायला भीती वाटते,” असं भगिनी लिहितात.

भीती वाटते हे चांगलंच आहे. आधी त्यांना विचारा, यावर पोळ्या लाटणार की भिंतीवर लावणार? लाटणार असतील तर वरच्या अंगाला कोरू नका, अक्षरांत कणीक बसेल. भिंतीवर लावणार असतील तर पुढे ऐका. चिठ्ठीचा फोटो घेऊन तिला लगेच परत करा, ती यंत्राजवळ नको. पोळपाटाएवढी पुठ्ठ्याची चकती कापून पूर्ण रंगीत तालीम करा आणि ती त्यांना दाखवा. मग पोळपाटाच्या पायांना बाहेरून तीन ठोकळे स्क्रूने बसवा, म्हणजे तो हलणार नाही. वर कागदी चिकटपट्टी लावून मधली आडवी रेघ पेन्सिलने आखा. लाल ठिपका रेघेच्या दोन्ही टोकांवर नेऊन बघा. दोन्हीकडे रेघेवर बसला, की पोळपाट सरळ आहे. आता फक्त चिकटपट्टीवर डाग पडेल एवढ्याच कमी शक्तीने अक्षरांची बाह्यरेषा काढा. ती शक्ती किती, ते आधी चिकटपट्टी लावलेल्या रद्दी लाकडावर ठरवून ठेवा. जागा चुकली तर पट्टी सोलून नवी लावा, लाकडाला काही होत नाही. बरोबर बसली, की पोळपाटाला हात न लावता शक्ती वाढवा. वर्षानुवर्षांचं तेल प्यालेलं लाकूड कुठे जास्त काळं पडतं, कुठे कमी, म्हणून पोळपाटाच्या तळाला कोपऱ्यात आधी एक टिंब करून बघा आणि ते त्या बाईंना दाखवा. त्यांनी ‘असू दे’ म्हटलं तरच पुढे जा. एवढं करूनही मनाला पटत नसेल, तर नवीन लाकडावर करून द्या. ‘नाही’ म्हणणं हाही धंद्याचाच भाग आहे.

खोपोलीच्या ताई, तुम्ही यंत्र विकू नका. या रविवारी जाऊबाईंना हाक मारा. साचा दोघींनी मिळून करा, एकीने मापं घ्यायची, दुसरीने ताडून बघायची. वाया गेलेल्या चौदा डब्या आहेतच तालमीला. त्यांच्या पाठीवर दोघींची नावं घालून पाहा, शिरोरेखा एका ओळीत. आणि कसं झालं ते मला जरूर कळवा.